शेवाळापासून इंधन: गच्चीवर टाकी बांधण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेली काही वर्षं शेवाळाच्या टाक्या चालू आहेत. बघायला येणाऱ्यांत इंजिनिअरिंगची मुलं असतात, इतर सोसायट्यांचे सेक्रेटरी असतात, निवृत्तीनंतर काहीतरी करू पाहणारे काका-काकूही असतात. प्रश्न बहुतेक तेच निघतात, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. शेवाळ कुणाच्याही टाकीत वाढतं. खरी कसोटी ते पाण्यातून बाहेर काढताना लागते. त्यामुळे आराखडा उलट्या बाजूने काढा: आधी इंधन, मग काढणी आणि वाळवण, सगळ्यात शेवटी टाकी. खालचे प्रश्नही साधारण त्याच क्रमाने घेतले आहेत.

शेवाळात तेल असतं तरी कुठे?

पेशीच्या आत. क्लोरेलासारखं एकपेशीय शेवाळ जेमतेम २ ते १० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं. ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि खत पोटभर मिळालं की ते वाढत राहतं, दिवसभरात दुप्पटही होतं. खतातला नायट्रोजन बंद केला की वाढ मंदावते आणि उन्हाची ऊर्जा चरबीच्या थेंबांत साठायला लागते. पेच इथेच आहे. तेल भरपूर हवं तर शेवाळ उपाशी ठेवावं लागतं, आणि उपाशी शेवाळ वाढत नाही. पन्नास-साठ टक्के तेलाचे आकडे वाचाल, ते अशा उपाशी ठेवलेल्या शेवाळाचे असतात. रोज वाढणाऱ्या टाकीत २० टक्के धरून चाला.

आमच्या गच्चीवर किती इंधन निघेल?

१०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७५ चौरस फूट मोकळी जागा आहे असं धरू. उघडी टाकी नीट सांभाळली तर दर चौरस मीटरला दिवसाला १० ग्रॅम कोरडं शेवाळ ही प्रामाणिक अपेक्षा आहे. निष्णात लोक चांगल्या दिवसांत २०-२५ ग्रॅमपर्यंत जातात. आपलं झालं रोजचं १ किलो. त्यात तेल २०० ग्रॅम. सगळं हाती लागत नाही, १६० ग्रॅम धरा. त्याचं बायोडिझेल होतं सुमारे १८० मिली, दोन कटिंग चहाइतकं. पावसाळ्याचे चार महिने वजा जाता वर्षाला ४३-४४ लिटर.

हा हिशेब सोसायटीच्या सभेत पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. हजार लिटरचं वचन देऊन कामाला लागलेले प्रयोग पहिल्या पावसाळ्यानंतर बंद पडतात.

याच्या मुळाशी प्रकाशसंश्लेषण आहे. मुंबईत वर्षाची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर दिवसाला ५ युनिटच्या (वीजबिलातलं युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) आसपास ऊन पडतं. १० ग्रॅम शेवाळात त्यातलं जेमतेम ०.०६ युनिट उतरतं, म्हणजे एक टक्क्याच्या थोडं वर. त्याच जागेवरचं सोलर पॅनल याच्या कितीतरी पट देतं. नुसती वीज हवी असेल तर पॅनल लावा, मी स्वतः तेच सुचवेन. शेवाळाला अर्थ येतो तो सांडपाण्यातली खतं वापरून पाणीही स्वच्छ करायचं असेल आणि ओला कचरा जिरवून बायोगॅस देणारा गॅसप्लांट शेजारी असेल तेव्हा.

शेवाळ पाण्यातून बाहेर कसं काढायचं?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा.

उघड्या टाकीत गडद हिरवं दिसणारं पाणीसुद्धा लिटरला अर्धा ग्रॅम शेवाळ धरून असतं. १ किलो शेवाळासाठी २००० लिटर पाणी हाताळायचं, तेही रोज. क्लोरेला कपड्यातून आरपार जातं. आम्ही पहिल्या वर्षी चौपदरी मलमल लावली होती. खालच्या बादलीतलं पाणी वरच्याइतकंच हिरवं. सेंट्रिफ्यूजने (गरगर फिरवून घन भाग वेगळा करणाऱ्या यंत्राने) काम होतं, पण एवढं पातळ पाणी फिरवायला लागणारी वीज हिशेबात बसत नाही.

तुरटी आपल्या घरातली जुनी युक्ती. शेवाळाच्या पेशींवर ऋण भार असतो, म्हणून त्या एकमेकींना ढकलत तरंगत राहतात. तुरटी तो भार मोडते आणि गुठळ्या खाली बसतात. करून बघा: सहा बाटल्यांत सारखं हिरवं पाणी घ्या, लिटरला ५०, १००, १५० असं करत ३०० मिलीग्रॅमपर्यंत तुरटी घाला, मिनिटभर जोरात आणि मग दहा मिनिटं हळू ढवळा. अर्ध्या तासाने एखाद्या बाटलीत वर काचेसारखं पाणी आणि तळाला दोन बोटं हिरवा थर दिसेल. तीच तुमची मात्रा. पण लिटरला २०० मिलीग्रॅम लागली तर २००० लिटरला रोज ४०० ग्रॅम तुरटी झाली, आणि तिचं ॲल्युमिनियम गाळात बसून पुढे गॅसप्लांटच्या जिवाणूंना त्रास देतं.

पाण्यात मॅग्नेशियम पुरेसं असेल तर चुन्याची निवळी घालून पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) १०.५ च्या वर नेला तरी शेवाळ बसतं. कायटोसान हा आणखी चांगला मार्ग. ते कोळंबीच्या टरफलांपासून बनतं, तुरटीपेक्षा कमी लागतं आणि कुजून जातं. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या पुढ्यात टरफलांचे ढीग बघितले की या शहरात हा उद्योग मोठा का होऊ नये असं मला दर वेळी वाटतं. खाऱ्या पाण्यात मात्र कायटोसानचा प्रभाव फारसा पडत नाही.

आम्ही शेवटी वेगळाच निर्णय घेतला: हाताने किंवा जाळीने काढता येईल तेच शेवाळ वाढवायचं. त्याबद्दल जातींच्या प्रश्नात सांगतो.

वाळवून तेल काढायचं की ओलंच गॅसप्लांटला द्यायचं?

ओलंच द्या. कारण आकड्यांत आहे.

बसलेला गाळ कपड्यात टांगून निथळला की पाचात एक भाग शेवाळ आणि चार भाग पाणी उरतं. १ किलो कोरड्या शेवाळामागे हे ४ लिटर पाणी विजेवर उडवायला जवळजवळ ३ युनिट लागतात. त्यातून मिळणाऱ्या १६० ग्रॅम तेलात ऊर्जा किती? १.७ युनिट. उन्हात पापडासारखं पसरून वाळवलं तर वीज वाचते, पण जागा लागते, वास येतो, आणि वाळलेल्या पेशी फोडून हेक्सेन या द्रावकाने तेल काढायचं काम बाकीच राहतं.

गॅसप्लांटला वाळवण लागत नाही. १ किलो कोरड्या शेवाळाइतका ओला लगदा पचला तर साधारण ०.२ घनमीटर मिथेन मिळू शकतो. त्यात २ युनिट ऊर्जा आहे, स्वयंपाकघराच्या भाषेत दीडशे ग्रॅम एलपीजी. तेलापेक्षा थोडी जास्तच. शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरस स्लरीत, म्हणजे प्लांटमधून निघणाऱ्या पातळ गाळात, परत मिळतात आणि गाळून, पातळ करून पुन्हा टाकीत जातात. तेलाच्या मागे लागलेल्या मुलांना हे पटवायला मला वेळ लागतो, पण त्यांनी स्वतः हिशेब मांडला की पटतं.

एक काळजी घ्या. शेवाळात नायट्रोजन जास्त असतो. एकटं दिलं तर अमोनिया वाढून प्लांट रुसतो. भाजीची देठं, रद्दी कागद, वाळका पाला असं कार्बनवालं काहीतरी मिसळून कार्बन-नायट्रोजन प्रमाण २० ते ३० ला १ च्या दरम्यान आणा. सोसायटीचा ओला कचरा इथे कामाला येतो. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला 'निसर्गऋण' प्रकल्प अशाच कचऱ्यासाठी आहे. शक्य असेल तर असा एखादा चालू प्लांट आधी बघून या.

टाकी किती खोल ठेवायची?

पुस्तकात रेसवेची, म्हणजे पाणी गोल फिरवत ठेवणाऱ्या लांबट उघड्या टाकीची, खोली २० ते ३० सेंटिमीटर दिलेली असते. जमिनीवर ती ठीक आहे. गच्चीवर गणित बदलतं. २० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला २०० किलो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला चल भार (माणसं, सामान यांचं वजन) आहे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, सुमारे १५० किलो. म्हणजे पुस्तकी खोलीची टाकी भरली त्या क्षणी स्लॅबवर हिशेबाबाहेरचं ओझं आलं.

म्हणून १० सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, टाकी तुळया आणि खांबांच्या रेषेवर येईल अशी मांडा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घेतल्याशिवाय पाणी भरू नका. गिरगाव-लालबागच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींवर हा प्रयोग अजिबात नको. कोब्यात खिळा किंवा बोल्ट ठोकू नका. एकदा कोबा फुटला की वरच्या मजल्याच्या छतावर ओल उमटते आणि प्रयोग तिथेच संपतो. आम्ही चौकट विटांवर नुसती टेकवली आहे, आत तलावाला अंथरतात तो एचडीपीई प्लास्टिकचा कागद.

उथळ टाकीचा फायदाही आहे: ऊन तळापर्यंत पोचतं. तोटा हा की मे महिन्यात दुपारी पाणी पटकन तापतं. उघड्या टाकीला बाष्पीभवन थोडं थंड ठेवतं. दिवसाला ५ मिलिमीटर उडालं तर १०० चौरस मीटरला ५०० लिटर पाणी रोज घालावं लागेल, याची सोय आधीच बघा.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या जास्त चांगल्या नाहीत का?

दिसायला फार सुंदर. बंद नळीत शेवाळ दाट वाढतं, लिटरला २-५ ग्रॅमपर्यंत, त्यामुळे काढणीचं पाणी कमी होतं. पण प्रकाशसंश्लेषणातून निघालेला ऑक्सिजन कोंडतो आणि वाढ खुंटवतो, आतल्या भिंतीला थर धरतो, आणि मुंबईच्या उन्हात वर पाण्याचा फवारा नसेल तर आतलं पाणी चाळिशी पार करतं. बियाणं तयार करायला एक-दोन नळ्या ठेवा. इंधनासाठी उघडी टाकीच.

पॅडलव्हीलला कुठली मोटर लावू?

पॅडलव्हील म्हणजे टाकीतलं पाणी फिरवत ठेवणारं वल्ह्यांचं चाक. त्याची मोटर जितकी लहान तितकी चांगली. अर्ध्या एचपीची मोटर चोवीस तास चालली तर ९ युनिट खाते आणि आपली कमाई २ युनिटची आहे. पाणी सेकंदाला २०-२५ सेंटिमीटर सरकलं की पुरे. सुकं पान सोडून बघा. एक मीटर जायला त्याला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. गिअर लावलेली छोटी डीसी मोटर लोहार चाळीत मिळते, ती सोलर पॅनलवर चालवा आणि रात्री अधूनमधूनच फिरवा.

कुठली जात घ्यावी?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथे शुद्ध शैवालही ठेवलेलं आहे. कॉलेजमार्फत तिथून मागवता येतं. पण बाहेरची शुद्ध जात उघड्या टाकीत फार दिवस शुद्ध राहत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात याच विषयावर मोठा कार्यक्रम चालवला, तीन हजारांवर वाण गोळा केले. उघड्या तलावांत मात्र प्रयोगशाळेतल्या वाणांना बाजूला सारून स्थानिक शेवाळच माजायचं. तेव्हा मुळात स्थानिक शेवाळापासूनच सुरुवात का करू नये?

आमचं बियाणं गच्चीवरच्याच एका गळक्या नळाखालून आलं. तंतूंचं शेवाळ, शाळेत स्पायरोगायरा शिकलो त्या गोत्रातलं. बोटांत धरलं की ओल्या लोकरीसारखं येतं, पिळलं की पाणी गळतं. तुरटी नको, सेंट्रिफ्यूज नको. चौकटीला बांधलेली नायलॉनची जाळी पाण्यातून ओढली की झालं. तेल कमी, पण आपल्याला गॅस करायचा आहे. स्पिरुलिना हे पूरक आहार म्हणून विकलं जाणारं शेवाळही कपड्यात अडकतं, मात्र त्याच्या ठरावीक द्रावणात लिटरला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, आणि एवढा खर्च इंधनासाठी परवडत नाही.

पाणी कुठलं? समुद्राचं चालेल?

गच्चीवर समुद्राचं पाणी नको. एक गळती झाली तरी मीठ स्लॅबमधल्या सळईपर्यंत जातं आणि गंज धरतो.

नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, उघड्या पिंपात दिवसभर उन्हात ठेवून मग घाला. पण भातसा-वैतरणेहून शंभर किलोमीटर वाहून आणलेलं पिण्याचं पाणी इंधनासाठी वापरणं माझ्या मनाला पटत नाही. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यामुळे नव्या टॉवरांमध्ये स्वतःचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) असतो. तिथलं प्रक्रिया झालेलं पाणी घ्या. माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन शरीराबाहेर टाकतो आणि १ किलो शेवाळाला लागतो ७० ग्रॅम. सात-आठ माणसांचं सांडपाणी १०० चौरस मीटर टाकीचं खत आहे. काही नायट्रोजन एसटीपीतच उडून जातो, म्हणून थोडी जास्त घरं धरा. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात रेसवे उभे केले ते सांडपाण्यासाठीच.

हे पाणी हाताळताना हातमोजे आणि गमबूट हवेतच, आणि लहान मुलांना टाकीजवळ जाऊ देऊ नका. कारखान्यांचं पाणी किंवा मिठी नदीचं पाणी चुकूनही घेऊ नका; त्यातले जड धातू शेवाळ शोषून घेतं आणि ते तुमच्या स्लरीत येतात.

एसटीपी नसेल तर खत किती?

१ किलो शेवाळामागे सुमारे १३० ग्रॅम युरिया आणि ५० ग्रॅम डीएपी (नायट्रोजन-फॉस्फरसचं खत), रोजचं रोज. आठवड्याचं एकदम घालू नका, अमोनिया होऊन शेवाळ मरतं.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो का?

१ किलो शेवाळ सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड खातं आणि हवेत तो ०.०४ टक्के आहे. त्यामुळे दुपारी त्याची टंचाई होते, पीएच ९-१० वर चढतो. सिलिंडर मात्र विकत घेऊ नका. गॅसप्लांटचा बायोगॅस वापरला की जो कार्बन डायऑक्साइड निघतो तोच टाकीला पुरवण्याची व्यवस्था पुढच्या टप्प्यात करता येते. सांडपाण्यातले जिवाणूही तो सोडतात. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

पावसाळ्यात काय?

बंद. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकी रिकामी करा, सप्टेंबर संपेपर्यंत भरू नका. एकट्या जुलैत इथे ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपली टाकी १०० मिलिमीटरची आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे टाकीच्या नऊपट. पारदर्शक पत्रे टाकता येतील, पण ढगाळ उजेडात वाढ कमी आणि वाऱ्याने पत्रा उडण्याची भीती जास्त. बियाणं पाच-सहा बरण्यांत, खिडकीशी, रोज हलवत जपून ठेवा.

डास होतील आणि पालिकेची माणसं येतील त्याचं काय?

यायलाच हवीत. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. वाहतं पाणी त्याला आवडत नाही. धोका टाकीपेक्षा कोपऱ्यात, पिंपात आणि बादल्यांत असतो. टाकीचे कोपरे गोल करा, पिंपांना घट्ट झाकण, वर मच्छरदाणीची जाळी, साठ्याच्या पाण्यात गप्पी मासे. मोटर बिघडली आणि दोन दिवसांत दुरुस्त झाली नाही तर टाकी ओतून टाका.

काल हिरवीगार असलेली टाकी आज तपकिरी का झाली?

कुणीतरी खाऊन टाकली. आमच्या एकपेशीय शेवाळाच्या टाकीचं हे एका मार्चमध्ये झालं. संध्याकाळी हिरवी कंच, सकाळी कोऱ्या चहाच्या रंगाची, वर फेस, आणि शिळ्या मासळीचा वास. मायक्रोस्कोपखाली थेंब धरला तर डोक्यावर दोन चक्रं फिरवणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव दिसले, पोटं हिरवी. दोन महिन्यांचं काम होतं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून रोज सकाळी एक थेंब बघतो. थेंबात दोन-चार दिसले तर त्याच दिवशी निम्म्याहून जास्त काढणी करतो. भरपूर दिसले तर टाकी रिकामी करून, घासून, दोन दिवस उन्हात कोरडी ठेवतो.

मोठ्या कंपन्यांनी हे का सोडलं?

तेल स्वस्त मिळत राहिलं आणि पाणी-विजेचा हिशेब जमला नाही. एक्झॉनमोबिलने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली होती, २०२३ च्या सुमारास ते बाहेर पडले. आपल्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात शैवालापासूनच्या इंधनाचा प्रगत इंधनांत समावेश आहे आणि संशोधन चालू आहे. माटुंग्याच्या आयसीटीमध्ये (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) जैवऊर्जेचं केंद्र आहे. विद्यार्थ्यांनी तिथल्या लोकांशी जरूर बोलावं.

थोडं तरी बायोडिझेल घरी करून बघू का?

घरी नाही. तेलाचं बायोडिझेल करायला लागणारं मिथेनॉल विषारी आहे, डोळे जातात. हेक्सेनची वाफ ठिणगीने पेटते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, वाफ बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडखाली करा. आणि गाडीत घालू नका. शेवाळाच्या तेलात असंतृप्त मेदाम्लं जास्त असल्याने ते लवकर खवट होऊन चिकट बनतं, आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या मानकाला उतरवणं कठीण जातं.

सुरुवात कधी आणि कशी करू?

ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण थांबल्यावर. आधी पाच लिटरच्या दोन बरण्या, मासे पाळणारे वापरतात तो छोटा एअर पंप, आणि गच्चीवर सापडेल ते शेवाळ. नोव्हेंबरात एक चौरस मीटरचा ट्रे. रोज तीन आकडे वहीत लिहा: सकाळचं तापमान, दुपारचा पीएच आणि काढलेल्या शेवाळाचं कोरडं वजन. डिसेंबरअखेर सरासरी ५ ग्रॅमच्या खाली असेल तर टाकी मोठी करू नका, कारण शोधा. ५ च्या वर असेल तर जानेवारीत इंजिनिअरला गच्ची दाखवा, म्हणजे मेच्या आधी तीन महिने चांगलं ऊन मिळेल.